मागच्या भिंतीला पोट सुटलंय, काय करू?

पत्र

आमचं घर राजापूर तालुक्यात उतारावर आहे. घराच्या मागे, परड्याच्या कडेला आजेसासऱ्यांनी बांधलेली काळ्या दगडाची कोरडी, म्हणजे चुना-सिमेंट न लावता रचलेली, भिंत आहे. उंची ७ फूट, लांबी ४० फूट. भिंतीच्या वरचं ठिकाण चुलत दिरांचं. भिंत आणि घर यांच्यात जेमतेम ९ फूट अंतर आहे. दगडांतून माती येते म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळ्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या. त्यानंतर मधला दहा-बारा फुटांचा भाग पुढे यायला लागला, आणि यंदाच्या पावसात तर चांगलंच पोट सुटलं. खालचे दोन थर हल्ली मे महिन्यातही ओले असतात, तिथे नेचे वाढलेत. एक गवंडी म्हणतो, वरून जाड प्लास्टर मारू. दुसरा म्हणतो, सगळी काढून चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, बांधू. मुंबईहून मिस्टरांनी एका ठेकेदाराला पाठवलं, तो पुढून सहा इंची काँक्रीटची पडदी ओतायची म्हणतो. सासूबाई मागच्या खोलीत झोपतात. दिरांशी बोलणं आहे, पण बेताचं. कोणाचं ऐकू?

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी सासूबाईंची खाट पुढच्या खोलीत घ्या. आजच घ्या. तुम्ही हे पत्राच्या शेवटी लिहिलंय, पण मला वाचताना सगळ्यात आधी तेच टोचलं. ७ फुटांची भिंत कोसळते तेव्हा दगड पायथ्याशी गोळा होऊन थांबत नाहीत. मागची ओली मातीही त्यांच्याबरोबर येते आणि ९ फूट अंतर तिला फार नसतं. भिंतीला टेकून लाकडं रचली असतील, कोंबड्यांचं खुराडं असेल, धुण्याचा दगड असेल, तर तेही हलवा. पाऊस संपला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण तुमच्या भिंतीत पाणी अजून आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसं झोपेतच गेली. भिंतीच्या पायाशी माणसं झोपलेली असणं, यासारखा धोका दुसरा नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. तिघेही दगडाबद्दल बोलतायत आणि पाण्याचा विषय कोणीच काढत नाही.

आजेसासऱ्यांची भिंत इतकी वर्षं उभी राहिली, कारण ती कोरडी होती. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं जे पाणी वरच्या जमिनीत मुरतं ते उताराने खाली येतं आणि भिंतीच्या पाठीशी येऊन थांबतं. कोरड्या भिंतीत त्याला शेकडो वाटा असतात. दरजांतून ते झिरपतं, पायाशी येतं आणि पुढे निघून जातं. तुम्ही दरजा सिमेंटनं भरल्यात आणि त्या सगळ्या वाटा एकदम बंद झाल्या. हेतू चांगला होता, माती यायची थांबलीही असेल. पण पाणी आत कोंडलं गेलं.

कोंडलेल्या पाण्यात किती जोर असतो, हे आकड्यांत सांगते. तुमच्या ७ फूट उंचीच्या भिंतीवर मागची कोरडी, मुरमाड माती ढोबळ हिशेबानं दर धावत्या फुटाला ४०० किलोचा रेटा देते. तीच माती वरपर्यंत पाण्यानं भरली, तर रेटा ९०० किलोच्या घरात जातो. दगड तेच, भिंत तीच आणि भार दुपटीहून जास्त. माती पाण्यात असली की दाण्यांचं वजन काहीसं हलकं होतं, पण पाणी स्वतः पूर्ण जोरानं ढकलतं. आणि हा जोर तळाशी सर्वांत जास्त असतो, म्हणून पोट नेहमी भिंतीच्या मधल्या किंवा खालच्या भागात सुटतं. तुम्ही लिहिलंय तसंच.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य मे महिन्यातल्या ओलीचं. पावसाचं पाणी फार तर डिसेंबरपर्यंत झिरपेल. वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेव्हा भिंतीचे दोन थर ओले आणि त्यांत हिरवेगार नेचे, म्हणजे वरून कुठून तरी बारमाही पाणी येतंय. दिरांच्या घराचं न्हाणीघर कुठे आहे ते बघा. गेल्या काही वर्षांत नवीन संडास-न्हाणी बांधली असेल आणि त्याचा शोषखड्डा भिंतीच्या मागे असेल, तर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी रोज तुमच्या भिंतीमागे उतरतंय. टाकी रोज भरून वाहत असेल किंवा नळाची पुरलेली नळी फुटलेली असेल, तरी परिणाम तोच. याची खात्री करायला इंजिनिअर लागत नाही. दिरांना विनंती करून आठवडाभर ती न्हाणी बंद ठेवा, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवा आणि रोज सकाळी खालच्या थराला हात लावून बघा. ओल ओसरायला लागली, तर कारण सापडलं.

त्याच खेपेला वरच्या ठिकाणात जाऊन आणखी एक गोष्ट बघायची आहे. भिंतीच्या काठापासून मागे दोन फुटांपासून सहा-सात फुटांपर्यंत जमीन नीट न्याहाळा. पालापाचोळा झाडून काढा. भिंतीला समांतर अशी भेग दिसते का? अगदी बोटभर रुंद, काही ठिकाणी एक बाजू किंचित खचलेली? अशी भेग असेल, तर भिंतीमागची माती पाचरीसारखी सुटलेली आहे आणि भिंत काही दिवसांची सोबती आहे, असंच समजायचं. मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी स्थापत्य अभियंत्याला जागेवर आणा आणि मागच्या खोल्या रिकाम्या करा.

भेग नसेल, तर पोट अजून वाढतंय की थांबलंय ते मोजा. भिंतीच्या माथ्यावर खिळा ठोकून तिथून ओळंबा सोडा. दोरी मोकळी लोंबली पाहिजे, पोटाला टेकता कामा नये, म्हणून खिळा पुरेसा पुढे आलेला हवा. पोट जिथे सगळ्यात पुढे आलंय तिथे दोरी आणि दगड यांतलं अंतर इंचपट्टीनं मोजा, दगडावर तैलरंगानं खूण करा आणि तारखेसह वहीत लिहा. दर आठवड्याला त्याच खुणेवर मोजायचं. शेजारच्या सिमेंटच्या दरजेवर काचेची पट्टी आडवी चिकटवलीत, तर आणखी चांगलं. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते, डोळ्यांना फसवता येत नाही.

आता त्या तीन सल्ल्यांचं सांगते. प्लास्टर म्हणजे उरलेल्या वाटाही बंद करणं, ते तर नकोच. चिऱ्याची भिंत कुंपणाला छान, घराला उत्तम. पण एका चिऱ्याच्या जाडीची भिंत ७ फूट माती धरून ठेवेल, ही अपेक्षा चुकीची आहे. जांभा हवेवर कठीण होतो, पण सतत पाण्यात बसला की झिजतो आणि वजनानंही तो काळ्या दगडापेक्षा हलका. माती अडवणारी भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते, तिथे हलकं आणि अरुंद दोन्ही चालत नाही. या चुकीनं कोकणात किती परडी दरवर्षी मोडतात, ते रस्त्यानं जाताना दिसतंच. तिसरी ती सहा इंची पडदी. काँक्रीटची संरक्षक भिंत असते, चांगली असते, पण तिचा पाया भिंतीमागे मातीखाली जातो आणि वरची मातीच त्या पायावर दाब देऊन तिला धरून ठेवते. जुन्या भिंतीच्या पुढ्यात नुसता उभा पडदा ओतला, तर त्याला धरायला काहीच नसतं. ठेकेदाराकडे नकाशा मागा, पायाची रुंदी आणि पाणी जायची भोकं कुठे आहेत ते विचारा. उत्तर आलं नाही, तर पुढचं बोलणं नको.

माझं मत विचाराल, तर तोच दगड वापरून तीच भिंत पुन्हा कोरडीच बांधा, पण या वेळी पायाला रुंद आणि पाठीला निचऱ्याची. तुमच्याकडे घडलेला काळा दगड आहे, तो सोन्यासारखा आहे. त्यासाठी सगळी ४० फूट उतरवायची गरज नाही. मधला पोटाचा भाग आणि दोन्हीकडे चार-चार फूट जास्त, म्हणजे वीसेक फूट यंदा घ्या. उरलेल्या भागातलं सिमेंट छिन्नीनं अलगद काढून दरजा मोकळ्या करा, किमान खालचे तीन थर तरी.

पण पहार लावायच्या आधी दिरांशी बोलणं व्हायलाच हवं, आणि यात दुसरा मार्ग नाही. भिंत उतरवताना मागची माती उभी राहत नाही, ती ४५ अंशांच्या उतारावर कापावी लागते. म्हणजे ७ फूट उंचीला वरच्या ठिकाणात ७ फूट आत जावं लागणार, ती जमीन त्यांची. शोषखड्डा तेवढ्यात असेल, तर तो आधी हलवावा लागणार, तो खर्च त्यांचा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानं वरच्या जमिनीच्या मालकाला खालच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क दिलाय. त्यांची जमीन तुमच्या खोदाईनं ढासळली, तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. दुसऱ्या बाजूनं, वरचं पावसाचं पाणी स्वाभाविक उतारानं खाली येऊ देणं तुम्हाला भाग आहे. पण हा हक्क जमिनीवर पडणाऱ्या आणि तिच्यातून निघणाऱ्या पाण्याचा आहे, न्हाणीतल्या सांडपाण्याचा नव्हे.

एवढं माहीत असू द्या, पण बोलायला जाताना कायदा घेऊन जाऊ नका. खर्चाच्या वाटणीनंही सुरुवात करू नका. भावजींना एकदा खाली तुमच्या परड्यात बोलवा, चहा द्या आणि ओल्या दगडाला हात लावायला सांगा. भिंत गेली, तर तुमचं घर दबेल आणि त्यांची जमीन जाईल, झाडांसकट. हे त्यांना जागेवर उभं राहून जितकं कळेल तितकं फोनवर मिस्टरांनी सांगून कळणार नाही. मग शोषखड्ड्याची जागा, कापायची माती, खर्चाचा वाटा आणि काम संपल्यावर हद्द पूर्वीच्याच रेषेवर राहील, असं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. हद्दीवरूनच शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून आधी मोजणी करून घ्या. भाऊबंदकीत भिंतीपेक्षा कागद आधी उभा राहिलेला बरा.

वरच्या ठिकाणात एक काम यंदाच, भिंतीच्या आधी होऊ शकतं. काठापासून मागे, पुढे कापायच्या सात फुटांच्या पलीकडे, भिंतीच्या लांबीभर फूटभर खोल चर काढा, त्याला एका बाजूला उतार द्या आणि पाणी भिंतीच्या टोकापलीकडे पऱ्यात, म्हणजे ओहोळात, सोडा. चर नुसता मातीचा ठेवलात, तर तोच पाणी मुरवत बसेल, म्हणून तळाला फरशी किंवा सिमेंट हवं. वरच्या घराच्या पन्हळीचं पाणीही त्यातच घ्या. सिमेंट वापरायचं, तर ते इथे.

भिंत उतरवताना गवंड्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: वरून खाली, आणि एका वेळी पाच-सहा फूटच. खालचा दगड पहारीनं हलवून वरचे आपोआप पाडायचे, हा झटपट प्रकार जीवावर बेततो. जेसीबी परड्यात आणू नका. त्याच्या धक्क्यानं उरलेली भिंत सुटते आणि तो पायथा उकरून ठेवतो. एक तुकडा निघाला, मागची माती उताराला कापली, पाया खणला, भिंत वर आली, मगच पुढचा तुकडा. उतरलेले दगड ढिगात टाकू नका. मोठे वेगळे, लांबट वेगळे, चिपा वेगळ्या.

पाया दीड ते दोन फूट खोल, कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत. तळ डोंगराकडे किंचित झुकता ठेवा. पायथ्याची रुंदी साडेतीन ते चार फूट आणि माथा दोन फूट. जुनी भिंत दोन फुटांचीच असणार, वाढीव दीड-दोन फूट तुमच्या परड्याकडे घ्या, म्हणजे हद्दीला धक्का नाही. दर्शनी बाजू सरळ उभी नको. ६ फुटाला १ फूट या हिशेबानं आत झुकती, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत १४ इंच आत गेली पाहिजे.

दगड कसा बसतो तिकडे तुम्ही स्वतः उभं राहून बघा, कारण घाईतला गवंडी इथेच चुकतो. लांब दगडाचं सुंदर तोंड दाखवायला तो आडवा ठेवला जातो, आणि भिंत बाहेरून देखणी पण आत पोकळ होते. दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसावा, उभी दरज एकावर एक येता कामा नये. दर दोन फूट उंचीला आणि दर तीन फूट लांबीला एक हेडर, म्हणजे भिंतीत शक्य तितका आरपार जाणारा लांब दगड. दगड डुगडुगला, तर चिप मागून मारायची. पुढून मारलेली चिप पहिल्या पावसात निसटते. पोटात माती आणि भुसभुशीत खडी ओतू नका, चिपा हातानं घट्ट बसवा. बसवलेल्या थरावर माणूस चालला आणि एकही दगड हलला नाही, तर तो थर झाला.

भिंतीच्या पाठीशी फूटभर जाडीचा डबर-खडीचा पट्टा तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत हवा. तळाशी भोकाची चार इंची नळी, एका टोकाकडे उतार देऊन, तोंड भिंतीबाहेर मोकळं. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं न विणलेलं कापड घाला. आपली तांबडी माती इतकी बारीक, की तिच्यापासून खडी अलग ठेवली नाही तर दोन-तीन पावसांत सगळा निचरा चिकटून बसतो. सिमेंटची पोती, जुनी ताडपत्री, प्लॅस्टिक यांपैकी काहीही चालणार नाही, पाणी पार गेलं पाहिजे. तुम्हाला आधी दरजांतून माती येत होती ना, तिचाही बंदोबस्त याच कापडानं होतो. मागची भर मुरमाची, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर धुमस. सगळ्यात वरचा फूटभर थर तेवढा चिकट मातीचा, चराकडे उतरता.

गवंडी कोरडं बांधायला तयारच झाला नाही आणि सिमेंटमध्ये बांधायची वेळ आली, तर चार इंची नळ्यांची भोकं दर पाच फुटांवर, जमिनीलगत पहिली रांग आणि तिच्यावर दुसरी, खालच्या दोन भोकांच्या मध्ये येईल अशी. उतार बाहेरच्या बाजूला. मागचा खडीचा पट्टा तेव्हाही लागतोच.

दगडाचा हिशेब असा. वीस फुटाला पायासकट साधारण पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) दगड लागेल. जुन्या भिंतीतून तीन ब्रासच्या आसपास निघेल, म्हणजे दोन ब्रास डबर नवा आणि पाठीला दीड ब्रास खडी. बाकी मजुरी. गाडी परड्यापर्यंत येत नसेल, तर डोक्यावरून वाहायची मजुरी आधीच ठरवा, नाहीतर मधेच काम अडतं.

झाडांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भावजी विचारतीलच. मोठा फणस किंवा आंबा काठापासून पंधरा फूट मागे असेल, तर हात लावू नका, त्याची मुळं माती धरून आहेत. तोडलात तर काही वर्षांत मुळं कुजून आत पोकळ्या होतात. भिंतीतच रुजलेला उंबर-पिंपळ मात्र आत्ताच मुळासकट काढा. काम झाल्यावर काठालगत एक वीतभर अंतरानं वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली, सात-आठ फुटांपर्यंत जातात, दगड फोडत नाहीत. मृगाच्या पहिल्या सरींत लावला की तो धरतो.

वेळेचं गणित सोपं आहे. शोषखड्डा आणि चर डिसेंबरात, माती सुकायला जानेवारी, भिंत फेब्रुवारी-मार्चात, एप्रिलअखेर भर घालून मोकळं. मे महिन्यात भिंत उघडी टाकून वळवाची वाट बघण्यापेक्षा पुढच्या वर्षी करणं परवडेल. तसंच झालं, तर चर आणि मोकळ्या दरजा एवढं यंदा कराच आणि पावसाळाभर मागच्या खोलीत कोणी झोपायचं नाही.

७ फुटांची भिंत आणि ९ फुटांवर घर, म्हणून काम सुरू करायच्या आधी तालुक्यातल्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याला एकदा जागेवर आणाच. वरचे आकडे त्याला दाखवा, पाया खणल्यावर कातळ किती खोल लागला त्याप्रमाणे तो त्यात बदल करेल. तोवर ओळंब्याची चार मापं आणि वरच्या ठिकाणात भेग दिसली की नाही, एवढं मला महिन्याभरात कळवा. भेग दिसली, तर मात्र मला लिहीत बसू नका, सरळ त्याला फोन करा.